अ‍ॅझुरिन आणि लॅकेस: इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग बदलला की व्होल्टॅमोग्राम का बदलतो?

नीलताम्र, सांताक्रूझ पूर्व

नमस्कार. तांबेयुक्त प्रथिने आणि इलेक्ट्रोड यांच्यातील इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवर मी मुंबईत पीएचडीचे काम करीत आहे. सध्या हाताशी दोन प्रथिने आहेत. पहिले म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचे अ‍ॅझुरिन, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे निळे प्रथिन, जे आम्ही ई. कोलाय या जिवाणूत तयार करून घेतो आणि शुद्ध करताना त्यात कॉपर सल्फेट घालतो. दुसरे म्हणजे ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या बुरशीचे लॅकेस, म्हणजे ऑक्सिजनचे क्षपण करणारे (त्याला इलेक्ट्रॉन देणारे) एन्झाइम, जे विकत घेतलेले आहे. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग बदलला की दोन्हींचे व्होल्टॅमोग्राम (विद्युत विभव बदलत नेताना मोजलेल्या प्रवाहाचे आलेख) इतके बदलतात, की आपण नेमके कशाचे मोजमाप करीत आहोत असा प्रश्न मला पडला आहे.

अ‍ॅझुरिनसाठी दोन पृष्ठभाग वापरले. २ मिलिमीटर व्यासाच्या तयार सोन्याच्या चकतीवर ऑक्टेनथायॉलचा (एका टोकाला गंधक असलेल्या आठ कार्बनांच्या साखळीचा) थर बसवला, तेव्हा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत +११० मिलिव्होल्टच्या आसपास शिखरांची नेटकी जोडी मिळाली. त्यानंतर झवेरी बाजारातून आणलेली सोन्याची तार काचेच्या नळीत बसवून इलेक्ट्रोड तयार केला आणि त्यावर ११-मरकॅप्टोअनडेकॅनॉइक आम्लाचा, म्हणजे बाहेरच्या टोकाला कार्बॉक्सिल गट असलेला थर बसवला. यावर शिखरे आली ती −४० मिलिव्होल्टच्या आसपास, रुंद आणि एकमेकांपासून बरीच दूर. दोन्ही वेळी बफर फॉस्फेटचा आणि पीएच ७ होता.

लॅकेसची अडचण वेगळी आहे. पायरोलिटिक ग्राफाइटच्या घासलेल्या कडेवर, पीएच ५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये, ऑक्सिजनच्या क्षपणाचा प्रवाह सुरुवातीला चांगला मिळतो, परंतु तो भराभर उतरत जातो. एन्झाइम मरते आहे की निघून जाते आहे, हे कसे ओळखावे? आणि अ‍ॅझुरिनच्या दोन विभवांपैकी खरे कोणते मानावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

पृष्ठवेध, पवई

आपला प्रश्न मुळापर्यंत जाणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लॅकेसबद्दल माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहू शकणारे सदस्य येथे आहेत. मी अ‍ॅझुरिनपुरते बोलतो.

इलेक्ट्रोडला प्रथिनाचे तांबे थेट दिसत नाही. तांब्याभोवती प्रथिनाचा जो भाग आहे, त्यातून वाट काढत इलेक्ट्रॉनला टनेलिंगने (अडथळा न ओलांडता त्यातून आरपार जाण्याच्या क्वांटम परिणामाने) जावे लागते आणि या प्रवासाचा वेग अंतराबरोबर घातांकी रीतीने घसरतो. त्यामुळे प्रथिन पृष्ठभागावर कोणत्या बाजूने बसले यावर सगळे अवलंबून असते. अ‍ॅझुरिनमध्ये १२८ अमिनो आम्ले आहेत आणि त्याचे तांबे दोन हिस्टिडीन व एक सिस्टीन यांनी घट्ट धरलेले आहे, तर मेथिओनीनचा गंधक आणि एका ग्लायसीनचा ऑक्सिजन जरा दुरून साथ देतात. यांपैकी ११७ क्रमांकाचे हिस्टिडीन प्रथिनाच्या एका टोकाला, जलविरोधी अवशेषांनी (साखळीतील अमिनो आम्लांनी) वेढलेल्या सपाट भागात उघडे पडते. तांबे तेथून पृष्ठभागाखाली जेमतेम ७ अँगस्ट्रॉमवर असते. याउलट ३ आणि २६ क्रमांकांच्या सिस्टीनांमधील डायसल्फाइड बंध नेमका दुसऱ्या टोकाला, तांब्यापासून सुमारे २६ अँगस्ट्रॉम दूर आहे.

आता पृष्ठभाग पाहा. उघड्या सोन्याला गंधकाची ओढ असल्याने अ‍ॅझुरिन तेथे डायसल्फाइडच्या बाजूने चिकटते आणि तांबे वर, इलेक्ट्रोडपासून दूर राहते. ऑक्टेनथायॉलचा थर बसवला की सोने झाकले जाते आणि समोर मिथाइल गटांची जलविरोधी चादर येते. मग अ‍ॅझुरिन उलटे होऊन ११७ व्या हिस्टिडीनभोवतीचा भाग खाली करून बसते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील उलस्ट्रुप यांच्या गटाने २००० च्या सुमारास एकस्फटिकी सोन्यावर हे फार बारकाईने तपासले. अल्केनथायॉलची साखळी लांब करत नेली, की वेग प्रत्येक मिथिलीन गटामागे साधारण तिपटीने कमी होतो. परंतु आखूड साखळ्यांवर तो वाढायचा थांबतो, कारण तेथे साखळीतून होणारे टनेलिंग हा अडथळा उरत नाही आणि प्रथिन व थर यांच्या सांध्यावरची एखादी पायरी वेग ठरवू लागते. म्हणून 'साखळी जितकी आखूड तितके चांगले' हा सरसकट नियम करू नये.

पृष्ठभाग आणखी एक मोठी मदत करतो, जिची चर्चा क्वचित होते. आपल्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३१ चौरस सेंटिमीटर आहे. अ‍ॅझुरिनचा पूर्ण एकस्तर (एका रेणूच्या जाडीचा थर) साधारण १० पिकोमोल प्रति चौरस सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला १०० मिलिव्होल्ट या वेगाने शिखराची उंची जास्तीत जास्त ३० नॅनोअँपिअर येईल. उघड्या सोन्याची धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता) चौरस सेंटिमीटरमागे किमान २० मायक्रोफॅरड असते, म्हणजे नुसता धारक-प्रवाहच ६० नॅनोअँपिअरच्या वर जातो आणि शिखर त्यात बुडते. ऑक्टेनथायॉलच्या थराने धारकता २ मायक्रोफॅरडपर्यंत उतरते, पार्श्वप्रवाह ६ नॅनोअँपिअरवर येतो आणि तेच शिखर स्वच्छ दिसू लागते. ते शिखर स्कॅनच्या वेगाच्या सम प्रमाणात वाढते का, हे जरूर पाहा. अधिशोषित (पृष्ठभागाला चिकटलेल्या) प्रथिनाचे तसेच वाढायला हवे. वेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असेल, तर द्रावणातून विसरणाने येणारे काहीतरी मोजले जात आहे.

कार्बॉक्सिलच्या थराबद्दल: अ‍ॅझुरिनवर पीएच ७ ला निव्वळ प्रभार थोडा ऋण असतो आणि तांब्याजवळची बाजू प्रभारहीन असते. ऋण प्रभाराच्या पृष्ठभागाकडे त्याने ओढले जावे असे काहीच कारण नाही. हाच थर सायटोक्रोम सी किंवा स्यूडोअ‍ॅझुरिन यांसारख्या, सांध्याजवळ लायसिनांचा धन प्रभार असलेल्या प्रथिनांना मात्र छान धरतो. प्लास्टोसायनिन या वनस्पतींतील तांबेयुक्त प्रथिनाचे उदाहरण तर अगदी उलट बाजूचे आहे. १९७८ मध्ये सिडनीच्या फ्रीमन यांच्या गटाने पॉप्लरच्या प्लास्टोसायनिनची स्फटिकरचना उलगडली, तेव्हापासून त्याच्या अंगावरचा ऋण प्रभाराचा पट्टा सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे घासलेल्या ग्राफाइटच्या ऋण कडेवर ते मॅग्नेशियमसारखा बहुप्रभारी धन आयन मध्यस्थ म्हणून घातल्याशिवाय नीट प्रतिसाद देत नाही.

तेव्हा थर निवडण्याआधी प्रथिनाची रचना पडद्यावर फिरवून, तांब्याच्या सर्वांत जवळचा पृष्ठभाग कोणत्या अवशेषांचा आहे ते पाहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. आपल्या −४० मिलिव्होल्टच्या जोडीबद्दल मला वेगळीच शंका आहे, पण त्याआधी इतरांचे मत वाचायला आवडेल.

---

प्रथिनशोधक, तुर्भे

बहुधा तीच शंका मलाही आहे. संपृक्त पोटॅशियम क्लोराइड असलेल्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडचे विभव प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत +१९७ मिलिव्होल्ट आहे. तो आकडा मिळवला तर आपली ऑक्टेनथायॉलवरची जोडी +३०७ वर येते, आणि अ‍ॅझुरिनचे द्रावणातील विभव पीएच ७ ला साधारण +३१० च्या आसपासच आहे. दुसरी जोडी येते +१५७ वर, आणि मुक्त क्युप्रिक-क्युप्रस (तांब्याच्या Cu²⁺ आणि Cu⁺ आयनांच्या) जोडीचे प्रमाण विभव आहे सुमारे +१५५. हा आकडा द्रावणातील नुसत्या आयनांचा आहे आणि कार्बॉक्सिलला धरलेल्या तांब्याचा त्याहून सरकू शकतो, त्यामुळे एवढ्या जुळण्यावरून निकाल देता येणार नाही. तरीही अ‍ॅझुरिनची घडी शाबूत असताना त्याचे विभव १५० मिलिव्होल्टने उतरावे, हे मला पटत नाही. ते शिखर अ‍ॅझुरिनचे नसून सुट्या तांब्याचे असावे असे मला वाटते.

हे तांबे दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक म्हणजे प्रथिनाच्या नमुन्यातून: कार्बॉक्सिलचा थर क्युप्रिक आयनांना उत्तम पकडतो, आणि कॉपर सल्फेट जरा जास्त घातले गेले असेल तर साध्या डायलिसिसने (पडद्यातून लहान कण बाहेर जाऊ देऊन केलेल्या शुद्धीकरणाने) ते सगळे जाईलच असे नाही. दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द ती तार. दागिन्यांच्या २२ कॅरेट सोन्यात सोने ९१.६ टक्के असते आणि उरलेला भाग मुख्यतः चांदी व तांबे यांचा असतो. '२४ कॅरेट' म्हणून मिळणारे सोनेसुद्धा ९९५ चे (हजारात ९९५ भाग शुद्ध) असू शकते, आणि त्यातला अर्धा टक्का तुमच्या पिकोमोलच्या मानाने डोंगराएवढा आहे. झवेरी बाजारात क्ष-किरणांच्या यंत्रावर टंच (सोन्याची शुद्धता) काढून देणारी दुकाने जागोजागी आहेत. तारेचा तुकडा तेथे नेला तर तांब्याची टक्केवारी छापील कागदावर हातात मिळेल. यंत्राच्या पकडीत न येणारे थोडेसे तांबे प्रयोगशाळेत कळेल: तार अर्ध्या मोलर सल्फ्युरिक आम्लात फिरवताना सोन्याच्या ऑक्साइडच्या नेहमीच्या शिखराव्यतिरिक्त खालच्या विभवाला आणखी काही उमटते का ते पाहा.

सर्वांत आधी मात्र एकच चाचणी करा. त्याच तारेवर तोच थर बसवून, प्रथिन अजिबात न घालता, नुसत्या बफरमध्ये स्कॅन घ्या. त्यानंतर त्याच इलेक्ट्रोडवर काही मायक्रोमोलर कॉपर सल्फेट घालून धुवा आणि पुन्हा स्कॅन घ्या. या दोन रेषा शेजारी ठेवल्या की बरेचसे आपोआप कळेल.

आणखी एक सूचना. नमुन्याचा ६२५ आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचा भागाकार पाहा. शुद्ध, तांब्याने पूर्ण भरलेल्या अ‍ॅझुरिनमध्ये तो ०.५ च्या थोडा वर असतो. ई. कोलायमध्ये तयार झालेल्या अ‍ॅझुरिनच्या काही रेणूंत तांब्याच्या जागी जस्त बसलेले असते. असे रेणू पृष्ठभागावर जागा अडवतात, पण विद्युत-रसायनाच्या दृष्टीने मुके असतात. तुमचा एकस्तर मोजून अपेक्षेपेक्षा विरळ निघाला, तर पृष्ठभागाला दोष देण्याआधी हे तपासावे.

---

नीलताम्र, सांताक्रूझ पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. तारेची चाचणी करून पाहिली. थर लावलेल्या तारेवर नुसत्या बफरमध्ये −४० च्या आसपास काहीही उमटले नाही, आणि कॉपर सल्फेट घालून धुतल्यावर अगदी तशीच रुंद जोडी उमटली. नंतर ती तार ईडीटीए या धातूचे आयन पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवून धुतली तेव्हा जोडी पुसली गेली. म्हणजे तांबे तारेतले नसून नमुन्यातले आहे, असे मी समजते. शोषणाचा भागाकार ०.५ च्या बराच खाली आहे, त्यामुळे जस्ताची शंकाही रास्त दिसते.

अजून एक विचारायचे आहे. ऑक्टेनथायॉलवरचे विभव द्रावणातील विभवाशी जवळजवळ जुळले, पण काही प्रबंधांत अधिशोषित प्रथिनाचे विभव वीस-तीस मिलिव्होल्टने सरकलेले दिसते. त्याचा अर्थ पृष्ठभागाने प्रथिन बिघडवले असा घ्यावा का?

---

पृष्ठवेध, पवई

तसा अर्थ घेण्याची घाई करू नये. पृष्ठभागाला प्रथिनाचे ऑक्सिडीकृत आणि क्षपित रूप सारख्याच ताकदीने धरता आले, तर विभव जागचे हलत नाही. एखाद्या रूपाला तो अधिक घट्ट धरत असेल, तर विभव त्या रूपाच्या सोयीने सरकते. २५ अंश सेल्सिअसला ३० मिलिव्होल्टने खाली सरकणे म्हणजे ऑक्सिडीकृत रूपाचा बंधनांक (पृष्ठभागाला बांधले जाण्याच्या ताकदीचे माप) क्षपित रूपाच्या सुमारे तिप्पट असणे, इतकाच त्याचा अर्थ. ऋण प्रभाराच्या थरावर असे घडणे स्वाभाविक आहे, कारण क्युप्रिक रूपावर एक धन प्रभार जास्त असतो. घडी शाबूत आहे का, हे ठरवायला वेगळा पुरावा लागतो. शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी आदर्श ९१ मिलिव्होल्टच्या किती जवळ आहे आणि पीएच बदलल्यावर विभव द्रावणातल्यासारखेच हलते का, हे पाहावे.

'खरे विभव कोणते' या आपल्या मूळ प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. द्रावणातील विभव हा प्रथिनाचा गुणधर्म आहे, तर इलेक्ट्रोडवरचे विभव प्रथिन आणि पृष्ठभाग या जोडीचा. दोन्ही खरी आहेत, पण प्रबंधात दुसरा आकडा पृष्ठभागाचे नाव, बफर आणि आयनिक तीव्रता यांच्याशिवाय लिहिला तर वाचणाऱ्याला त्याचा काहीही उपयोग होत नाही. १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या एडोज आणि हिल यांनी सोन्यावर ४,४′-बायपिरिडिल वापरून सायटोक्रोम सी ला प्रथम बोलते केले, आणि त्याच वर्षी ये आणि कुवाना यांनी कथिलमिश्रित इंडियम ऑक्साइडवर तेच साधले. दोन्हींत प्रथिन एकच होते आणि पृष्ठभाग मात्र अगदी वेगळे. बायपिरिडिल स्वतः इलेक्ट्रॉन घेत-देत नाही. ते फक्त सोन्याला प्रथिनाच्या भेटीयोग्य करते. आपल्या क्षेत्राची सुरुवातच या जाणिवेने झाली आहे, आणि म्हणून पृष्ठभागाचा तपशील टीपेत ढकलला जातो तेव्हा मला फार वाईट वाटते.

---

ऑक्सिक्षपण, माटुंगा

लॅकेसबद्दल मी लिहितो. लॅकेसमध्ये चार तांबे असतात. टाइप १ चे निळे तांबे पृष्ठभागाजवळच्या खाचेतून इलेक्ट्रॉन घेते आणि ते सुमारे १३ अँगस्ट्रॉम आतल्या तीन तांब्यांच्या समूहाकडे पाठवते, जेथे ऑक्सिजनचे चार इलेक्ट्रॉनांनी क्षपण होऊन पाणी तयार होते. इलेक्ट्रोडने टाइप १ च्या जवळ जायला हवे. इतर बाजूंनी बसलेले रेणू प्रवाहात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत. घासलेल्या ग्राफाइटवर रेणू कसेही पडतात आणि त्यांची पकडही सैल असते.

मरणे आणि निघून जाणे यांत फरक करण्याची सोपी रीत अशी: प्रवाह उतरल्यावर बफरमध्ये थोडे ताजे एन्झाइम घाला. प्रवाह मूळ पातळीवर परत आला तर जागा रिकाम्या झाल्या होत्या, म्हणजे एन्झाइम सुटून जात होते. मृत रेणू जागा अडवून बसले असतील, तर ताज्या एन्झाइमने फारसा फरक पडणार नाही. आपल्या बाबतीत पहिलेच कारण निघेल असा माझा अंदाज आहे, कारण लॅकेसची साध्या ग्राफाइटवरची सैल पकड सर्वपरिचित आहे.

यावरचा उपाय २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लॅनफर्ड, हीथ आणि आर्मस्ट्राँग यांनी दाखवला. त्यांनी अँथ्रासीनच्या डायअझोनियम क्षाराचे क्षपण करून ग्राफाइटवर अँथ्रासीनचे गट सहसंयुज बंधाने बसवले. लॅकेसची खाच मुळात फिनॉलवर्गीय सुगंधी रेणूंसाठी घडलेली असल्याने अँथ्रासीन त्या खाचेत शिरते, एन्झाइमला तेथे धरून ठेवते आणि टाइप १ च्या तांब्यापर्यंत इलेक्ट्रॉनची वाटही करून देते. अशा इलेक्ट्रोडवरचा प्रवाह साध्या ग्राफाइटपेक्षा जास्त मिळतो आणि एन्झाइम नसलेल्या बफरमध्ये कित्येक आठवडे बऱ्यापैकी टिकतो. मला हे काम विशेष आवडते, कारण त्यात पृष्ठभाग प्रथिनाच्या सवयीला धरून घडवलेला आहे. डायअझोनियम क्षार प्रत्येक वेळी थंडाव्यात ताजा करावा आणि क्षपणाच्या फेऱ्या मोजक्याच ठेवाव्यात. फार फेऱ्या केल्या की गट एकमेकांवर चढून जाड थर बनतो आणि तोच इलेक्ट्रॉनला अडवतो.

एक सावधगिरी मात्र आजच घ्या. क्लोराइड लॅकेसचे काम रोखते, आणि तुमचा संदर्भ इलेक्ट्रोड संपृक्त पोटॅशियम क्लोराइडने भरलेला आहे. त्याच्या टोकातून झिरपणारे क्लोराइड लहान सेलमध्ये प्रयोग चालू असतानाच साचत जाते, आणि प्रवाह उतरण्यात त्याचाही वाटा असू शकतो. दुहेरी सांध्याचा इलेक्ट्रोड वापरावा किंवा मर्क्युरस सल्फेटचा संदर्भ घ्यावा. दुसरा पर्याय घेतल्यास विभवाचे रूपांतर न विसरता करावे. क्लोराइड टाळणे शक्यच नसेल आणि पीएच ७ च्या जवळ काम करायचे असेल, तर लॅकेसऐवजी मायरोथेसियम व्हेरुकेरियाचे बिलिरुबिन ऑक्सिडेज घ्यावे. त्यासाठी पृष्ठभागही बदलावा लागेल, कारण त्याला ऋण कार्बॉक्सिलेट असलेले सपाट सुगंधी गट अधिक मानवतात.

सुट्या तांब्यासाठी तुम्ही ईडीटीए वापरले ते अ‍ॅझुरिनसाठी ठीक आहे, कारण त्याचे तांबे आत घट्ट बसलेले असते. लॅकेसच्या नमुन्यावर मात्र ते सढळ हाताने वापरू नका. त्यातील टाइप २ चे तांबे तुलनेने सैल असते. ते निघाले तर प्रथिनाचा निळा रंग तसाच राहतो, पण ऑक्सिजनचे क्षपण बंद पडते.

---

नीलताम्र, सांताक्रूझ पूर्व

क्लोराइडचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नसता. दुहेरी सांध्याचा इलेक्ट्रोड आजच मागवला आहे. ताज्या एन्झाइमची चाचणी अजून करायची आहे. अ‍ॅझुरिनचा नमुना ईडीटीए घालून डायलिसिस केल्यावर जेल-स्तंभातून काढणार आहे, आणि त्यानंतर दोन्ही थर एकाच चकतीवर, एकामागून एक, तपासणार आहे. कार्बॉक्सिलच्या थरावर तेव्हा काहीच उमटले नाही, तर तो निकालही येथे कळवीन.

---

प्रथिनशोधक, तुर्भे

उत्तम. एक लहानशी गोष्ट लक्षात ठेवा: चकतीवरचा पहिला थर पूर्ण काढल्याशिवाय दुसरा बसवू नका. ऑक्टेनथायॉल अर्ध्या मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ऋण विभवाला नेऊन सोडवता येते. नंतर अ‍ॅल्युमिनावर घासून सल्फ्युरिक आम्लात फिरवा आणि सोन्याच्या ऑक्साइडच्या शिखराखालचा प्रभार आधीच्या नोंदीशी जुळवून पाहा. स्वच्छ केलेले सोने उघडे ठेवू नका. खोलीतल्या हवेतील सेंद्रिय अंश थोड्याच वेळात त्यावर बसतात, म्हणून ते लगेच थायॉलच्या अल्कोहोलमधील द्रावणात सोडा.